मॉरिशससाठी गाइडबुक कोणतं घ्यावं?

निळाई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चौघं दहा दिवसांसाठी मॉरिशसला निघालोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. विमानाची तिकिटं काढून झालीत, राहायचं कुठे ते अजून ठरायचंय. टूरबरोबर जायचं नाही एवढं नक्की. मागच्या सहलीत सकाळी सातला बस आणि रात्री नऊला हॉटेल असं सहा दिवस चाललं, आणि सासूबाईंचे गुडघे पुढे महिनाभर धरलेले होते.

म्हणून या वेळी स्वतः वाचून सगळं आखायचंय आणि त्यासाठी एक चांगलं गाइडबुक विकत घ्यायचंय. शनिवारी दुकानात तीन पुस्तकं चाळली. लोनली प्लॅनेटच्या पुस्तकात मॉरिशस, रियुनियन आणि सेशेल्स एकत्र आहेत. ब्रॅड्टचं मजकुराने गच्च भरलेलं, फोटो थोडे. तिसरं पातळ, रंगीत, पर्समध्ये मावेल असं. किमती पाहता एकच घेता येईल.

गेला महिनाभर मी नेटवर वाचतेय. सगळे त्याच दहा जागा सांगतात, पण कुठली जागा कुठल्या जागेजवळ, कशासाठी कुठे राहावं, हे काही केल्या डोक्यात बसत नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. चढ-उतार जमत नाही, सपाट रस्ता असेल तर तासभर आनंदाने चालतात. लेकीला प्राणी-पक्षी हवेत. नवऱ्याला पोहायचंय. मला तिथे गेलेल्या आपल्या माणसांचा इतिहास समजून घ्यायचाय.

यातलं कोणतं घेऊ? की वेगळंच काही आहे?

मुक्तांगणी | सोमवार, रात्री १०:१५

मनापासून सांगते, पुस्तकावर पैसे घालू नका. छापून दुकानात येईपर्यंत त्यातली माहिती वर्ष-दीड वर्षाची जुनी झालेली असते. हॉटेलचे दर, जेवणाच्या जागा, बोटींच्या वेळा सगळं फोनवर आजचं मिळतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेटवर्क नसलं तरी चालेल. पुस्तकाच्या पैशात एक दिवसाची गाडी होईल.

पानगळ | सोमवार, रात्री ११:०२

मी सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. प्रवासाची पुस्तकं रोज हातातून जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मुखपृष्ठावर ‘नवी आवृत्ती’ लिहिलेलं असलं तरी आतलं श्रेयपान उघडा आणि साल बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. नव्या आवृत्तीत जुना मजकूर तसाच राहिलेला पुष्कळदा सापडतो. मॉरिशसच्या बाबतीत हे पकडायला सोप्या खुणा आहेत. तिथले मोबाइल क्रमांक २०१३ साली सातवरून आठ आकडी झाले, सगळ्यांच्या आधी ५ आला. पुस्तकात सात आकडी मोबाइल क्रमांक दिसला तर ते पान त्याआधीचं आहे. दुसरी खूण मेट्रोची. तिथली प्रवासी रेल्वे १९५६ साली बंद झाली आणि त्यानंतर साठेक वर्षं बेटावर प्रवासी रेल्वेच नव्हती. २०२० पासून पोर्ट लुई ते रोझ हिल मेट्रो धावायला लागली, २०२२ मध्ये ती क्यूरपीपपर्यंत पोचली. ‘बेटावर रेल्वे नाही’ असं छापलेलं असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवा. तिसरी खूण आग्नेय किनाऱ्याच्या प्रकरणात. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचं जहाज तिथल्या प्रवाळांवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल समुद्रात गेलं. तिथल्या ब्लू बे किनाऱ्याबद्दल लिहिणाऱ्याला ते माहीत आहे का बघा.

शेवटी सूची उघडून तुमचे स्वतःचे शब्द शोधा. शाकाहारी जेवण, लहान मुलं, बस, भरती-ओहोटी. सूचीत जे नाही ते पुस्तकात सहसा नसतंच.

निळाई | मंगळवार, दुपारी ३:१०

पानगळ, काय उपयोगी सांगितलंत! जेवणाच्या सुट्टीत दुकानात जाऊन आले. पातळ पुस्तक बाद. मेट्रोचा पत्ताच नाही आणि शाकाहारी हा शब्द कुठेही नाही. उरली दोन.

मुक्तांगणी, तुमचं म्हणणं पटतं, पण माझी अडचण दरांची नाहीच. मला बेट समजत नाहीये.

दर्यावर्दी | मंगळवार, सायंकाळी ७:३०

तुमचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मी तीसेक वर्षं व्यापारी जहाजावर इंजिनियर होतो, पोर्ट लुईला अनेकदा लागलो आणि निवृत्तीनंतर बायकोला घेऊन दोनदा राहून आलो. बेट समजायचं तर आधी वारा समजला पाहिजे. जे पुस्तक तुम्हाला वारा समजावतं ते घ्या, बाकी कितीही देखणं असलं तरी दुय्यम.

मॉरिशस लहान आहे. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. मध्यभागी पठार, क्यूरपीप गाव साडेपाचशे मीटर उंचीवर. वारा वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून येतो, आपल्याकडे जसा पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो तसा. तो ओल घेऊन पठारावर चढतो आणि तिथे पाऊस टाकतो. त्यामुळे क्यूरपीपला भुरभुर चालू असते त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावर कडक ऊन असतं. आपल्या सह्याद्रीच्या पलीकडे माण-खटाव कोरडे का, हे ज्याला माहीत आहे त्याला हे दोन मिनिटांत कळेल. तिथला हिवाळा म्हणजे मे ते ऑक्टोबर, आपल्या उलट. जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर वारा इतका जोराचा की छत्री उभी राहत नाही. म्हणून जुलैत जाणाऱ्याने पश्चिमेला राहावं, फ्लिक आं फ्लाककडे. तुम्ही नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जाताय, तेव्हा वारा बराच पडलेला असतो आणि चक्रीवादळांचे मुख्य महिने, जानेवारी ते मार्च, अजून दूर असतात. तुम्हाला दोन्ही किनारे खुले आहेत. आता तुमच्या पुस्तकांत बघा. ‘कधी जावं’ या प्रकरणात सबंध बेटाचा एकच तक्ता दिलाय, की किनाऱ्या-किनाऱ्याचा फरक सांगितलाय?

दुसरी गोष्ट पाण्याची. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळांची कडा आहे. कडेच्या आतलं लगूनचं पाणी उथळ आणि शांत, मुलांना उत्तम. पण कडेला जिथे फट असते तिथून भरती-ओहोटीचं पाणी जोराने आत-बाहेर करतं. चांगला पोहणाराही तिथे ओढला जातो. आणि दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला तर प्रवाळांची कडाच नाही. मोठ्या लाटा सरळ खडकावर येतात. बघायला जरूर जा, फार भव्य आहे, पाण्यात उतरू नका. कुठे पोहायचं आणि कुठे नाही हे किनाऱ्याच्या नावानिशी सांगणारं पुस्तक हवं. ‘सुंदर पांढरी वाळू’ असं प्रत्येक किनाऱ्याबद्दल लिहिणाऱ्याने तुमच्या नवऱ्याची काळजी घेतलेली नाही.

पाण्यात जाताना चौघांनीही रबरी बूट घाला. तळाशी दगडमासा असतो, दगडासारखाच दिसतो, काटे विषारी. समुद्री साळूही असतात.

आणि गाइडबुकबरोबर एक मोठा घडीचा नकाशा घ्या. फ्रान्सच्या आयजीएन संस्थेचा १:१,००,००० प्रमाणाचा आहे. त्यात डोंगर, ओढे, रस्ते, प्रवाळांची कडा सगळं एका नजरेत येतं. जेवणाच्या टेबलावर पसरा आणि लेकीला बोट ठेवायला सांगा. फोनच्या पडद्यावर बेट कधीच पूर्ण दिसत नाही, तुकडेच दिसतात. तुम्हाला महिनाभर जे समजत नव्हतं त्याचं कारण मला हेच वाटतं.

घाटवाट | मंगळवार, रात्री ८:०५

नकाशाला +१. वाऱ्याचं इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

एबेनवासी | मंगळवार, रात्री ११:२०

मी सहा वर्षं मॉरिशसमध्ये नोकरी केली, एबेनच्या सायबरसिटीत. मुलगी तिथल्याच शाळेत होती. तेव्हा तिथे राहणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

पुस्तकांत गावांची नावं फ्रेंच स्पेलिंगने छापलेली असतात आणि आपण ती इंग्रजीसारखी वाचतो. बसच्या वाहकाला काही कळत नाही. माहेबर्ग नव्हे, माएबूर. क्वाट्रे बोर्न्स नव्हे, कात्र बॉर्न. त्रू ओ बिश, ग्रां बे, ल मॉर्न, इल ओ सेर. उच्चार दिलेले असतील ते पुस्तक माझ्या मते निम्मी लढाई जिंकलं. क्रिओलची चार वाक्यं असली तर फारच छान. ‘बोंझूर’, ‘कि मान्येर?’ म्हणजे कसं काय, ‘कोम्ये सा?’ म्हणजे हे कितीला, ‘मेर्सी’. एवढ्यावर माणसं मोकळी होतात. इंग्रजी चालतं, हिंदीही बऱ्याच जणांना कळते, पण रस्त्यावरची भाषा क्रिओल.

सासूबाईंच्या जेवणाची चिंता सोडा. पोर्ट लुईच्या बाजारात, कुठल्याही गावच्या नाक्यावर धोल पुरी मिळते. डाळीचं सारण भरलेली पातळ मऊ पोळी, म्हणजे बिनगुळाची पुरणपोळीच समजा. दोन-दोनच्या जोडीने देतात, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि मिरचीची चटणी. फराटा, म्हणजे आपला पराठाच, मिळतो, डाळीचे तिखट वडे मिळतात, त्यांना गातो पिमां म्हणतात. प्यायला आलुदा, दूध-सब्जा आणि चायना ग्रास. सणासुदीला केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण असतं. सावध राहायचं ते तळलेल्या नूडल्सपासून. भाज्यांच्या म्हणून घेतल्या तरी त्यात अंडं किंवा माशाचा-कालवाचा सॉस असू शकतो, विचारून घ्या. ज्या पुस्तकात खाण्याचं प्रकरण म्हणजे नुसती हॉटेलांची यादी आहे आणि रस्त्यावरच्या खाण्याला जागा नाही, ते तुमच्या घरासाठी नाही.

आता निळाईताई, तुमच्या इतिहासाबद्दल. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला भारतातून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले मजूर ‘अ‍ॅटलस’ जहाजातून इथे उतरले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं याच धक्क्यावरून बेटात शिरली. बहुतेक बिहारकडची, तशी तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची. जहाजातून उतरल्यावर चढायच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ साली युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. शेजारी माहितीकेंद्र आहे, तिथे आधी जा आणि मग पायऱ्यांपाशी. त्या पायऱ्यांवर माझ्या बायकोला बोलता येईना, इतकंच सांगतो. मोक्याच्या, म्हणजे मोका गावच्या, महात्मा गांधी संस्थेत या मजुरांचे दप्तर जपून ठेवलंय. वंशज येऊन आपल्या पणजोबांची नोंद शोधतात.

मराठी समाज तिथे आजही आहे. घरात क्रिओल बोलतात, पण मुलं शाळेत मराठी विषय घेऊ शकतात. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आणि तिथली ‘झाकरी’ ऐकाल तेव्हा कोकणातल्या जाखडीची ओळख पटेल. पिढ्या गेल्या, शब्द झिजले, पण ठेका तोच. मी पाहिलेल्या प्रत्येक गाइडबुकात या सगळ्याला एखाद-दोन ओळी मिळतात. म्हणून त्यासाठी पुस्तकावर विसंबू नका. कुठल्या मराठी घरी बोलावलं तर जा.

कोरडवाहू | बुधवार, सकाळी ७:५०

जाखडीचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या गावी अजून गणपतीत नाचतात. वाचनखूण साठवली.

रानवाटा | बुधवार, दुपारी १:१५

लेकीसाठी लिहितो. पक्ष्यांच्या बाबतीत मॉरिशस म्हणजे नुसता डोडो नव्हे. डोडो सतराव्या शतकातच संपला. पोर्ट लुईच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात त्याचा सांगाडा आहे, तो दाखवाच. पण खरी गोष्ट वाचलेल्या पक्ष्यांची आहे. मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा १९७४ च्या सुमारास रानात अवघा चार उरला होता. गुलाबी कबुतरही असंच काठावरून परत आणलंय. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळतं आणि लक्षात राहतं.

हे बघायला इल ओ एग्रेत. माएबूरसमोर लहानसं प्रवाळबेट आहे, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन तिथे मूळचं रान पुन्हा उभं करतंय. वाटाड्याबरोबरच आत जाता येतं, आधी नोंदणी करा. गुलाबी कबुतरं मोकळी उडतात, आणि अल्दाब्राची महाकाय कासवं वाटेत आडवी येतात. वाट जवळपास सपाट आहे. बोटीत चढ-उतार करताना मात्र सासूबाईंना हात द्यावा लागेल.

एक गल्लत होते म्हणून सांगतो. इल ओ सेर वेगळं आणि इल ओ एग्रेत वेगळं. पहिल्यावर वाळू, पाण्यातले खेळ आणि गर्दी. दोन्ही ‘इल ओ’ म्हणून लोक भलत्याच बोटीचे पैसे भरून बसतात.

पुस्तकाचं म्हणाल तर निसर्गासाठी ब्रॅड्ट. त्यांच्या पुस्तकांत झाडं-प्राणी नुसते चवीपुरते नसतात. रॉड्रिग्ज बेटाचंही प्रकरण आहे, पूर्वेला दीड तासाचं विमान. या खेपेला जमणार नाही, पण वाचाल तर पुढच्या वेळेचं ठरेल.

मुक्तांगणी | बुधवार, दुपारी ४:४०

मी अजूनही फोनच्या बाजूने आहे, पण दर्यावर्दींचं वाऱ्याबद्दलचं वाचून एक मान्य करते. मी गेले होते तेव्हा ऑगस्टमध्ये पूर्वेला राहिले. फोटो बघून हॉटेल घेतलं, परीक्षणं सगळी उत्तम होती. पाच दिवस वाळू तोंडावर येत होती. परीक्षणं लिहिणारे बहुतेक डिसेंबरात गेलेले असणार, महिना बघायचं मला सुचलंच नाही.

तरी एक सांगते. व्हिसा, प्रवेशाचे अर्ज, विमानतळावरचे नियम यांच्यासाठी पुस्तकावर अजिबात जाऊ नका. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही हे खरं, पण परतीचं तिकीट, राहण्याची नोंद, ऑनलाइन फॉर्म यांची ताजी स्थिती सरकारी संकेतस्थळावरच बघा. पावसा-वादळाचंही तसंच. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. त्या दिवशी तिथल्या हवामानखात्याचा इशाराच कामाचा, तो एक ते चार अशा क्रमाने चढत जातो.

आजोळ | बुधवार, रात्री ९:२५

जुन्या पुस्तकाचा माझा अनुभव. २०२३ मध्ये आईला घेऊन गेले होते. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून स्वस्तात दहा-बारा वर्षं जुनं गाइडबुक घेतलं होतं, नाव सांगत नाही, कारण दोष पुस्तकाचा नव्हताच. त्यातल्या पाहुणेघराचा फोन लागेना. पत्त्यावर गेलो तर तिथे कपड्यांचं दुकान. आई सामानासकट फुटपाथवर उभी, ऊन डोक्यावर. पोर्ट लुईहून क्यूरपीपला जायला टॅक्सीशिवाय सोय नाही अशी माझी समजूत त्या पुस्तकानेच करून दिलेली, आणि टॅक्सीच्या खिडकीतून शेजारून मेट्रो जाताना दिसली.

पण त्याच पुस्तकातलं पांप्लमूसच्या बागेचं पान मी अजून फाडून जपून ठेवलंय. कुठल्या फाटकाने शिरायचं, राक्षसी कमळांचं तळं कुठे, तालिपॉट ताड आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो, हे सगळं त्यात होतं. बाग सपाट आणि सावलीची. आई ताटाएवढी, छे, परातीपेक्षा मोठी पानं बघत तळ्याकाठी पाऊण तास बसली. फूल पहिल्या रात्री पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे मी तिला पुस्तकातून वाचून दाखवलं आणि समोर दोन्ही रंगांची फुलं होती.

गंगा तलावालाही सासूबाईंना न्या. गाडी अगदी काठापर्यंत जाते. ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती लांबूनच दिसते. वर गार वारा असतो, शाल ठेवा बरोबर.

पानगळ | बुधवार, रात्री १०:१०

आजोळ यांनी माझं काम सोपं केलं. झाडं, डोंगर, वारा, घाट, इतिहास यांना दहा वर्षांत काही होत नाही. छपरं आणि फोन बदलतात. म्हणून मी वाचकांना सांगते की विकत घेताना या न बदलणाऱ्या भागावर पुस्तक पारखा, आणि बदलणारा भाग मुक्तांगणी म्हणतात तसा फोनवर बघा.

निळाई, उरलेल्या दोनांत निवड करायला एक उपाय. त्याच दोन प्रकाशनांची भारतावरची पुस्तकं मिळाली तर ती काढा. तुम्हाला पायाखालची असलेली एखादी जागा उघडा आणि तिच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मॉरिशसच्या पानांवर लेखक खरं सांगतोय की नाही हे तुम्हाला तपासता येत नाही. तुमच्या गावच्या पानांवर येतं.

निळाई | शुक्रवार, रात्री ९:००

पानगळ, तुमचा उपाय आज करून पाहिला. दुकानात एका प्रकाशनाचं भारतावरचं पुस्तक होतं, दुसरं एका मैत्रिणीकडे मिळालं. माझं सासर मुरुडचं, म्हणून जंजिऱ्याचं पान उघडलं. एका पुस्तकात किल्ल्याचं वर्णन छान, पण जायचं कसं ते दोन शब्दांत. दुसऱ्यात राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी, पावसाळ्यात बंद, होडीतून उतरताना पायरी निसरडी असं सगळं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “हा माणूस खरंच येऊन गेलाय.” मग प्रश्नच मिटला. त्याच प्रकाशनाचं मॉरिशसचं पुस्तक घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या गावाच्या पानावर उत्तर वेगळं येईल.

घडीचा नकाशा मागवलाय. आला की टेबलावर पसरणार. राहायचं असं ठरतंय: पाच रात्री पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकजवळ, पाच आग्नेयेला माएबूर-ब्लू बेकडे. विमानतळ तिथून पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे शेवटच्या दिवशी सासूबाईंची धावपळ नाही, आणि इल ओ एग्रेत समोरच. बरोबर आहे ना?

अजून एक. ल मॉर्नजवळचा तो ‘समुद्रातला धबधबा’ लेकीने फोटोत पाहिलाय आणि हट्ट धरलाय. पुस्तकात सापडला नाही.

दर्यावर्दी | शुक्रवार, रात्री ९:४५

विभागणी उत्तम. ब्लू बेला काचेच्या तळाची बोट मिळते, सासूबाईंना पाण्यात न उतरता प्रवाळ दिसतील.

तो धबधबा म्हणजे दृष्टिभ्रम आहे. वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्याकडे सरकतो, वरून बघताना पाणीच कोसळतंय असं वाटतं. किनाऱ्यावरून किंवा बोटीतून काहीच दिसत नाही, हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातूनच. लेकीला आधीच सांगा, म्हणजे तिथे जाऊन हिरमुसणार नाही. त्याऐवजी ल मॉर्नच्या पायथ्याच्या किनाऱ्यावर बसून तिला त्या डोंगराची गोष्ट सांगा. ५५६ मीटरचा तो सुळका पळालेल्या गुलामांचा आसरा होता. २००८ पासून तोही जागतिक वारसा आहे. किनारा सार्वजनिक आहे, शेजारी मोठं हॉटेल दिसलं तरी बिचकू नका.

एबेनवासी | शुक्रवार, रात्री ११:३०

माएबूरला असाल तेव्हा सोमवार येईल असं बघा, त्या दिवशी तिथे मोठा बाजार भरतो. नोव्हेंबर संपता संपता लिचीचा हंगाम सुरू होतो, रस्त्याच्या कडेला घड बांधून विकायला ठेवतात. आणि गुलमोहर! आपल्याकडे मे महिन्यात फुलतो तो तिथे तुम्हाला नोव्हेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल झालेला दिसेल. सासूबाईंना आवडेल.

बसने फिरलात तर अंधार पडायच्या आत परतीची बस पकडा, गावाकडच्या गाड्या लवकर बंद होतात. रविवारी किनाऱ्यांवर तिथली कुटुंबं डबे, चटया घेऊन दिवसभर असतात, गाणी चालू असतात. गर्दी म्हणून टाळू नका, कोपऱ्यात चटई टाका. मराठीत बोलताना कुणी मागे वळून पाहिलं तर आपणहून ‘नमस्कार’ म्हणा.

निळाई | शनिवार, सकाळी ८:१५

सोमवार मिळतोय, तारखा तशा फिरवल्या. लेकीने वहीत ‘बोंझूर, कि मान्येर’ लिहून घेतलंय आणि आजीला शिकवायला बसलीय.